पहिला पाट कुणाचा

दाजी, कावळा तुम्ही फार लवकर पाठवलात.

वेदगंगेच्या काठी दहाव्याला तुमच्या पुतण्यानं पिंड ठेवला, भटजी दोन पावलं मागं सरले, मी पुढं यायच्या तयारीनं धोतराचा सोगा सावरला, आणि तेवढ्यात तो आला. बाभळीवरून सरळ खाली. इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. कचेरीत साहेब येतात तसा आला, चोच मारली आणि गेला. तुमचे थोरले बंधू आप्पा म्हणाले, "सुटला गडी. कशात जीव अडकला न्हवता." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण माझ्या तोंडात एक आख्खं वाक्य तयार होतं, ते तसंच राहिलं.

ते वाक्य असं होतं: "दाजी, मास्तर पहिला, सुभेदार दुसरा. मी हरलो."

बेळगावला मोटरीत बसल्यापासून मी ते घोकत होतो. कावळा सहजासहजी यायचा नाही असा माझा होरा होता. तुमचा स्वभाव मला ठाऊक. साध्या चहालासुद्धा नको नको म्हणून शेवटी कप उचलायचात. आप्पा म्हणतील, शेताच्या बांधाचं मी मिटवतो. कावळा येणार नाही. पुतण्या म्हणेल, काकूला काही कमी पडू देणार नाही. तरी येणार नाही. लोक उन्हात पाय बदलत उभे राहतील. मग मी, तुमचा मेव्हणा, पुढं होईन आणि इतक्या वर्षांत न बोललेलं ते वाक्य चारचौघांत बोलेन. कावळा येईल. बायका पदर डोळ्यांना लावतील. सगळं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. त्यात मी बराच थोर दिसत होतो.

तुम्ही ती संधीच दिली नाहीत. कशात जीव अडकला नव्हता, हे ऐकून लोकांना बरं वाटलं. मला मात्र कुणीतरी तोंडावर दार लावल्यासारखं झालं. शेत राहू दे, घर राहू दे. आपल्या वादातसुद्धा नाही अडकला? म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच भांडत होतो की काय?

हे लिहितोय तुम्हाला. पण उद्या आपल्या घरातलं दुसरं कुणी वाचेल आणि म्हणेल, मास्तर कोण, सुभेदार कोण, आणि ह्या दोन म्हाताऱ्यांना झालं होतं काय. म्हणून तुम्हाला पाठ असलेलंच थोडं सांगतो. तपकीर ओढा तोवर.

लोक पैलवान तोलतात, बैल तोलतात. आपण दोघं कॉलेजांच्या फुटबॉलच्या टीमला शिकवणारे तोलायचो. कॉलेजात त्यांना कोच म्हणत. तुम्ही त्या शब्दाला हसायचात. "वस्ताद म्हणा की सरळ." बेळगावात कॉलेज निघालं तेव्हापासूनचा हा आपला उद्योग. नंबर हा शब्दही तुम्हाला पसंत नव्हता. नंबर शाळेत असतात. आपण पंगत मांडायचो. पहिला पाट देवाजवळचा, मानाचा; शेवटचा दाराशी, चपलांना लागून. कुणाला कुठं बसवायचं, एवढाच प्रश्न.

तिसऱ्या पाटावर आपलं पक्कं एकमत होतं. धारवाडचे प्रोफेसर. इंग्रजी पुस्तक उघडून मैदानावर शिकवायचे. पाऊस आला की पुस्तक झाकायचे आणि टीम उघडी पडायची. शेवटचा पाट सांगलीच्या ड्रिलमास्तरांचा. कडेला उभं राहून स्वतःच इतक्या शिट्ट्या मारायचे की खरा पंच आपली शिट्टी खिशात घालून गप्प फिरायचा. ह्या दोघांना आपण सुखानं जेवायला बसवलं होतं. भांडण होतं ते पहिल्या पाटाचं.

माझा उमेदवार बेळगावच्या कॉलेजचे सुभेदार. पलटणीतून पेन्शनीत आलेले, पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं डाव्या पायाला लागलेलं. मैदानाच्या कडेला रोवलेल्या खांबासारखे उभे. पळताना त्यांना कुणी बघितलं नाही, चालतानाही फारसं नाही. पण त्यांनी नुसती मान वळवली तरी डावीकडचा पोरगा उजवीकडं धावायचा. तुमचे कोल्हापूरच्या कॉलेजचे मास्तर. धोतर, कोट, बगलेत छत्री. सामना चालू असताना ते मैदानाकडं कमी आणि आभाळाकडं जास्त बघायचे, असं माझं प्रामाणिक मत होतं.

माझ्या मताला किंमत किती, तेही लिहून टाकतो, नाहीतर तुम्ही वरून शिंकाल. जन्मात एकदाच चेंडू माझ्या पायाशी आला. मी सगळा जीव एकवटून लाथ मारली. चेंडू होता तिथंच राहिला आणि चप्पल गोलात गेली. हे तुम्ही तुमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं.

तुम्ही तर सामनेच बघितले नव्हते. हीच तर गंमत. तुमचं तपकिरीचं दुकान निपाणीच्या मोटर स्टँडसमोर. कोल्हापूरची पोरं बेळगावला हरून-जिंकून परतताना तिथं चहाला उतरायची, बेळगावची कोल्हापूरहून येताना उतरायची. तुमचं सगळं फुटबॉल त्या थांब्यावरचं. मी म्हणायचो, दाजी, खेळ न बघता माणसाला पाट कसा देता? तुम्ही तपकिरीची चिमूट हवेत धरून सांगायचात, "शिरस्तेदार, तू त्यास्नी खेळवताना बघतोस. मी घरला नेताना बघतोय. माणूस कुठं कळतोय, सांग." कचेरीत मी नकला उतरवणारा साधा कारकून. तुम्ही मला शेवटपर्यंत शिरस्तेदारच म्हणालात, तेही रंगात आलात म्हणजे जरा मोठ्यानं.

तुमच्या मास्तरांची भजी मला पाठ आहेत. बेळगावात त्यांच्या गोलकीपरनं अगदी हातातला चेंडू सोडला आणि ते हरले. निपाणीला लॉरी थांबली. सगळी पोरं भज्यांच्या गाड्यावर, आणि तो एकटा लॉरीत, फळीला डोकं टेकून. मास्तर भज्यांची पुडी घेऊन वर चढले. त्याच्याशेजारी बसले. एक शब्द नाही. पुडी मधोमध फाडली, निम्मी त्याच्या मांडीवर ठेवली, निम्मी आपण खाल्ली. तेल धोतराला पुसलं. लॉरी सुटली. एवढंच. पण तुम्ही हे सांगताना पुडी फाडायचा आवाजसुद्धा तोंडानं काढायचात.

आणि मग तुमचं खरं हत्यार. सुभेदाराचा तवंदीचा घाट.

कोल्हापुरात हरलं की सुभेदार लॉरी निपाणीच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी थांबवायचे. सगळी टीम खाली. घाट पायी चढायचा. लॉरी पुढं रिकामी. "आणि हे लष्करी साहेब कुठं?" तुम्ही विचारायचात. "डायवरशेजारी, गादीवर. पोरांच्या पायाला फोड, आणि वस्ताद हवा खातोय. त्याला पयला पाट देतोस? चपला राखायला बसव."

मी काय काय सांगून बघितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल नव्हतं, लॉऱ्या कोळशाच्या धुरावर चालायच्या, चढाला दम धरायच्या. मी म्हणालो, दाजी, ओझं कमी करायला उतरवत असतील. तुम्ही शांतपणे विचारलंत, "हरल्यावरच बरं ओझं हुतंय? जिंकल्यावर पोरं हलकी हुत्यात व्हय?" आणि शिंकलात. तुमची शिंक म्हणजे निकाल. वर "साकु" म्हणायचात, म्हणजे पुरे, खटला बंद. कानडी तुम्ही तेवढ्यापुरतंच वापरायचात.

सुभेदारांना जाऊन विचारावं, खरंच गादीवर बसता का, असं माझ्या मनात कैकदा आलं. एकदा मैदानावर अगदी जवळ गेलो होतो. त्यांनी मान वळवली. मी उजवीकडं निघून गेलो.

तुमची आणखी एक लबाडी. चांगला मुद्दा तुम्ही कधीच दुकानात काढला नाहीत. दिवसभर किरकोळ माल. मग संध्याकाळची बेळगावची मोटर लागायची, मी पायरीवर एक पाय ठेवायचो, कंडक्टर दार ओढायला लागायचा, तेव्हा तुम्ही खिडकीखाली येऊन असा काही मुद्दा टाकायचात की उत्तर सुचायच्या आत मोटर सुटायची. मी बेळगावपर्यंत आतल्या आत शिजत जायचो. उत्तर सुचायचं ते घाटात. ते धरून ठेवायचं पंधरवडाभर, माझ्या पुढच्या फेरीच्या रविवारापर्यंत. आमच्या घरी म्हणायचे, निपाणीहून आला की हा दोन दिवस भिंतीशी बोलतो.

शेवटच्या रविवारीही तसंच. मोटर हलली तेव्हा तुम्ही खिडकीला हात लावून म्हणालात, "तुझ्या सुभेदाराला विचार जा. शिकून गेलेल्या एका तरी पोरानं त्याला कधी घरला जेवाय बोलवलंय का?"

उत्तर घाटातच सुचलं. जेवायला नसतील बोलावत, दाजी, पण खांद्याला न बोलावता येतील. चांगलं होतं की नाही? मी ते मनात घासूनपुसून ठेवलं. आणि मग तार आली. निपाणीला पोचलो तेव्हा तुम्हाला बाहेर आणून ठेवलं होतं. मी न बोलावता पुढं झालो आणि खांदा दिला. उत्तर माझ्याजवळच होतं. तेवढं चांगलं राहिलं नव्हतं.

मला अजून रडू आलेलं नाही. घरात त्यावर कुजबुज आहे. बायकोनं मुद्दाम तुमच्या गोष्टी काढून बघितल्या. मी हो हो म्हणतो आणि पानातलं मीठ बोटानं सारत बसतो. कचेरीत परवा एका निकालाची नक्कल करताना एकच ओळ पुन्हा पुन्हा उतरवली. साहेबांनी कागद वर धरून बघितला आणि परत दिला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी तपकीर ओढली. मी आपोआप थांबलो. शिंक येईपर्यंत पुढं काय लिहायचं ते कळेना.

आता तेराव्याचं सांगतो. ते तुम्हाला माहीत नसेल, किंवा तुम्हालाच सगळं माहीत असेल.

जेवणं उरकली होती. माणसं पांगली. आमची आक्का पाट उचलून भिंतीला लावत होती, मी हातभार लावत होतो. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. बोलणार तरी काय. तुम्हा दोघांना मूलबाळ नाही. घरात बोलायला तुम्ही, आणि रविवारी मी. एकदम ती म्हणाली, "बाळू, तुझ्या सुभेदाराचं एक सांगू?"

मी म्हणालो, आता कशाला.

"त्यो लॉरीत बसत न्हवता. चालत जायचा. समदा घाट."

मी विचारलं, कोण म्हणतं?

"हेच म्हणत हुते. एकदा सायकल काढून मागनं गेलते बघाय. पोरं फुडं, आणि त्यो समद्यांच्या मागं, पाय वढत. डायवर सारखा थांबून बसा म्हणतोय, ह्यो बसत न्हाय. पोरांनी मागं बघितलं की ताठ व्हायचा म्हणं." तिनं एक पाट लावला. "घरला आले ते धड जेवले न्हाईत. म्हणाले, पयला पाट त्याचाच गं."

माझ्या हातात पाट होता. तो कुठं ठेवायचा ते मला सुचेना.

मग मला का नाही सांगितलं, एवढंच मी विचारलं.

आक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर वाद मिटला असता. मग तू कशाला येतोयस निपाणीला? आक्काची खुशाली काय, कार्डावर बी कळती."

दाजी, तुम्ही इतकी वर्षं तोंडावरची माशी हलू न देता खोटं बोललात. गादीवर बसतो म्हणे. हवा खातो म्हणे. वर शिंकायचात. बरं, त्या गादीचा रंगसुद्धा सांगितला होता तुम्ही मला. लाल.

मला राग यायला हवा होता. आला नाही. हसू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. मी तो पाट भिंतीला लावला, मग उगाच काढून दुसरीकडं लावला. म्हणजे मी जिंकलो होतो, कधीचाच. ज्या दिवशी तुम्ही सायकल भिंतीला टेकवून घरात आलात त्या दिवशी. आणि मी नदीवर निघालो होतो हरायला. तुमची हार आक्काजवळ पडून होती, माझी हार माझ्या तोंडात राहिली, आणि दोघांनी एकमेकांना काहीच दिलं नाही. कावळ्याचं मात्र आता कळलं. तुमचं जे सांगायचं होतं ते तुम्ही घरात सांगून मोकळे झाला होता. अडकून राहिलो होतो तो मीच.

जिंकल्यावर माणसानं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. सुभेदारांना जाऊन सांगू? ते मान वळवतील.

काल रविवार होता. जाऊ की नको, असं सकाळपासून चाललं होतं. वाद मिटलेला. खुशाली कार्डावर कळते. तरी पाय स्टँडकडं गेले. पायांना अजून कुणी कळवलेलं नसावं. निपाणीला उतरलो. तुमच्या दुकानाला फळ्या. भज्यांच्या गाड्यावरच्या माणसानं मला बघितलं, दोन पुड्या बांधायला घेतल्या, मग थांबून एकच बांधली. पैसे घेतले नाहीत.

घरी आक्कानं चहा केला. मी दोन घोट घेतले. मागच्या दाराच्या कडीचं बोललो. आप्पांनी बांधाचं मिटवलं म्हणाली. चांगलं झालं म्हणालो. तुमची जागा मधे होती. मी भज्यांची पुडी सोडली, मधोमध फाडली, निम्मी तिच्यापुढं सरकवली. तिनं एक उचललं आणि हातातच ठेवलं. एवढी लांब संध्याकाळ मी त्या घरात कधी काढली नव्हती. मनात म्हणालो, बस्स, आता महिन्यानं येऊ. मग दिवाळीला येऊ. असंच होतं, सगळ्यांचं होतं.

मोटरीची वेळ झाली. मी उठलो, टोपी घातली, बाहेर येऊन चपला पायात सरकवल्या. आक्का उंबऱ्याच्या आत उभी होती. तुम्ही गेल्यापासून ती त्याच्या बाहेर येत नाही. स्टँडवरून भोंगा ऐकू आला.

"बाळू," ती म्हणाली. "मास्तरच पयला."

मी वळलो. "आक्का, तूच सांगितलंस की तो चालत गेला म्हणून."

"मी कुठं बघितलंय? ह्यांनी बघितलं. ते बी लांबनं, तिन्हीसांजचं. चष्मा दुकानात राहिलेला." मग जरा थांबून, तुमच्यासारखीच मान तिरकी करून म्हणाली, "आणि चालला म्हणून काय झालं रं? वस्ताद मागनं लंगडत येतोय म्हटल्यावर पोरांच्या जिवाला आणिक घोर. हरल्याचा एक आणि त्याचा एक. मास्तरानं निदान पोटात काय तरी घातलं. साकु."

आणि दार अर्धं ओढून घेतलं.

मी तोंड उघडलं. भोंगा पुन्हा वाजला. मी एका हातानं टोपी धरून स्टँडकडं पळालो. मला पळताना बघून भज्यांच्या गाड्यावरचा माणूस हसला. कंडक्टर दार ओढत होता, त्यानं हात देऊन वर घेतलं. मी खिडकीशी बसलो. सवयीनं खाली बघितलं. खाली कुणी नव्हतं.

घाट लागला तेव्हा शेजारचा माणूस म्हणाला, "काही म्हणालात?" मी म्हणालो, तुम्हाला नाही.

उत्तर सुचलं होतं, दाजी. चांगलं आहे. तुम्हाला मुळीच आवडलं नसतं.